ओइवाने बांधलेलं शेवटचं इंजिन

ओइवा रिंतालुओमाबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच ऐकायला येईल: बिचाऱ्याचे हात गेले. दूध डेपोवरचा पोरगासुद्धा हेच सांगेल, आणि त्याने तर ओइवाला काम करताना कधी पाहिलेलंही नाही. हे वाक्य गावात पसरलं त्याला मी कारण आहे. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

माझं नाव टाइस्तो. दुधाचा टँकर चालवतो. वय चौपन्न, आणि अक्कल किती ते पुढे कळेलच.

ओइवा सत्तरी ओलांडलेला. नदीच्या वळणावर त्याचं लाल घर आणि घरामागे वर्कशॉप. पन्नास वर्षं त्याने इंजिनं बांधली. ट्रॅक्टरची, बोटींची, बर्फावरच्या स्कूटरची, आणि आमच्यासारख्या येड्यांच्या शर्यतीच्या गाड्यांची. बोलायला एकदम कंजूष. हातोडीचा लाकडी दांडा इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि मग एवढंच म्हणायचं, "तिसऱ्यात काहीतरी आहे." उघडून बघावं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये हमखास काहीतरी असायचंच. त्याची बायको साइमी म्हणायची, माझं दुखणं ओळखायला याला तीन आठवडे लागतात, पण ट्रॅक्टरचं खोकणं याला रस्त्यावरून कळतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. आधी डावा, मग उजवा. डॉक्टरनी गोळ्या दिल्या आणि हात कामात ठेव म्हणून सांगितलं. पण हात थरथरणाऱ्या माणसाकडे इंजिन कोण देणार? तोंडावर कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. पेट्रोल पंपाच्या कॉफी-टेबलावर मात्र सगळे बोलायचे, आणि इंजिनं गुपचूप शहरात न्यायचे.

मी नेलं नाही. त्या वेळी मला याचा केवढा अभिमान वाटायचा! ऑक्टोबरमध्ये माझी डॅटसन ट्रेलरवर टाकून मी त्याच्या दारात उभा राहिलो. ही डॅटसन म्हणजे आमच्याकडची जुनी शंभरी (मॉडेलच्या नंबरावरून पडलेलं नाव), एक लिटरची, पन्नास वर्षांची, बुटाच्या खोक्याएवढी गाडी. एकेकाळी गावातल्या निम्म्या बायका तिच्यावरच गाडी चालवायला शिकल्या. मला त्या खोक्यात नायट्रस बसवायचं होतं. नायट्रस म्हणजे दाताच्या डॉक्टरकडचा हसवणारा वायू. तो बाटलीतून इंजिनात सोडला की इंजिनाला दहा सेकंद भूत लागतं. जूनमध्ये जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर चारशे मीटरची शर्यत असते, तिथे मोठ्या गाड्यांच्या नाकावर टिच्चून जायचं, एवढंच माझं स्वप्न. इंजिन ओइवाने बांधायचं, बाटली, नळ्या आणि वायरिंग मी करायचं, असं ठरलं.

त्या दिवशी साइमीच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना ओइवा नेहमीपेक्षा जास्त बोलला. म्हणाला, "हे इंजिन उन्हाळाभर टिकलं तर मी वर्कशॉप चालू ठेवीन. नाही टिकलं तर बंद. मग मला कुणी समजावायला यायचं नाही." साइमी चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

म्हणजे पैज केवढ्याची आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही मला.

तो हिवाळा आमचा छान गेला. बाहेर उणे वीस, आत लाकडाची शेगडी. ओइवा सकाळी, हात त्यातल्या त्यात शांत असताना, बारीक कामं करायचा. पिस्टनच्या रिंगेची फट मोजायला तो कोपर टेबलावर रोवायचा, मनगट दुसऱ्या हाताने धरायचा, आणि एकेक माप चार चार वेळा घ्यायचा. एका रिंगेला अख्खी सकाळ. मी मदतीला पुढे झालो की म्हणायचा, "तू तुझ्या नळ्या बघ." मी नळ्या बघायचो. मागच्या सीटच्या जागी बाटली बसवली, गिअरच्या दांड्यावर वायू सोडायचं बटण लावलं. पेट्रोलचं जेट ओइवाने स्वतः निवडून बसवलं. जेट म्हणजे नखाएवढा पितळी तुकडा, मध्ये सुईएवढं भोक, आणि कडेला नंबर कोरलेला. वायू जितका, त्या हिशेबाने पेट्रोल आत जाणार ते या भोकातून.

फेब्रुवारीत मला दम निघेना. ओइवाने बजावलं होतं, थंडीत बाटली झोपलेली असते, तिच्यात दाबच नसतो. चाचणी घ्यायचीच असेल तर शनिवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की बाटली सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत ठेव, हाताला कोमट लागली की मगच वापर. त्याच्या तरुणपणी सगळे असंच करत. मी घरी विचारलं. राइलीने, माझ्या बायकोने, एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सौनात एक तर ती बाटली येईल, नाहीतर मी. विषय संपला.

मग मी काय करावं? गप्प बसावं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एका रविवारी गाडीला खिळ्यांचे टायर चढवून मी थेट गोठलेल्या तळ्यावर गेलो. बर्फावर दरवर्षी गाड्यांसाठी वाट साफ करतात, तिच्या कडेला भोकं पाडून मासे धरणारे चार म्हातारे बसले होते. उणे पंधरा. बाटली दगडासारखी गार. मी गाडी दामटली आणि बटण दाबलं. इंजिनाने काळा धूर ओकला, खोकलं, आणि गाडी पळायच्या ऐवजी मंदावली. म्हातारे हसून हसून बसायच्या बादल्यांवरून पडायचे बाकी राहिले होते. एक जण ओरडला, "टाइस्तो, उतरून ढकल, लवकर पोचशील!"

दुसऱ्या दिवशी कॉफी-टेबलावर सगळ्यांना ठाऊक. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हाताऱ्याने जेट चुकीचं बसवलं. धूर काळा म्हणजे पेट्रोल जास्त. हातच तसे, नंबर वाचताना चुकला असेल. टेबलावरचे लोक जे उघड बोलत होते ते मी मनात बोललो, एवढाच काय तो फरक. ओइवाला विचारायचं सोडून मी माझ्या शेडमध्ये जाऊन त्याचं जेट काढलं आणि दोन नंबर लहान बसवलं. पुढच्या रविवारी परत तळ्यावर. गाडी अशी सुटली की म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मी खूश. ओइवाला यातलं काही सांगितलं नाही, म्हटलं उगाच मन दुखावेल.

जूनमधला तो शनिवार सत्तावीस अंशांचा. आमच्याकडे एवढं ऊन म्हणजे लोक उघड्या अंगाने फिरतात. गाडी चार तास धावपट्टीवर उन्हात उभी होती, काचेमागे बाटली तापत होती. ओइवा आणि साइमी घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. ओइवाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं साइमीने लावली असणार. मी बाटलीचा काटा बघितला, दाब भरपूर. झोपलेली बाटली चांगली जागी झाली होती. वायू पुरा येणार होता, आणि पेट्रोल माझ्या त्या लहान भोकातून; पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून जळतं. इतकी साधी गोष्ट. तिथे उभं असताना ती माझ्या डोक्यात आली नाही, देवाशपथ नाही आली.

हिरवा दिवा लागला. दुसऱ्या गिअरला बटण दाबलं आणि शंभरीने मला सीटमध्ये दाबून धरलं. शंभर मीटर मी राजा होतो. मग ठण्ण असा आवाज आला, मागे पांढरा धूर, आणि इंजिन गेलं. गाडी घरंगळत थांबेपर्यंत मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. तळं, थंड बाटली, जेट. मान वर करून खुर्च्यांकडे बघायची हिंमत झाली नाही.

गाडी ओइवाच्या वर्कशॉपमध्ये नेऊन सोडली. आणि आता खरं पाप सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ओइवा घरात आडवा झाला होता. जाकीट राहिलं असं साइमीला सांगून मी वर्कशॉपमध्ये गेलो, माझं जेट काढलं आणि त्याचं मूळचं बसवलं. दोन मिनिटांचं काम. कॉफी-टेबलावर जन्मभर हसं होईल, एवढीच भीती होती. मला वाटलं, ओइवा म्हणेल पन्नास वर्षांचं लोखंड आहे, गेलं. तसंच म्हणेल असं मी स्वतःला पटवलं.

सोमवारी त्याने इंजिन उघडलं. मी शेजारी उभा. तिसरा पिस्टन मेणासारखा वितळला होता. ओइवाने सगळ्यात आधी काय केलं असेल? जेट काढलं, भिंग लावून नंबर वाचला. मग मलाही वाचायला लावला. बरोबर होता. त्याने मान हलवली आणि जेट फडक्यावर ठेवलं. दोन दिवस तो एकेक भाग बघत बसला. शेवटी म्हणाला, "रिंगेची फट मी मोजली होती. आता तिथे मोजण्यासारखं काही उरलं नाही, पण चूक तिथलीच. दुसरीकडे कुठे नाही." मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "माझे हात, टाइस्तो."

बोलायचं होतं ते तेव्हाच. जीभ झडली होती का माझी? मी म्हणालो, इंजिनं जातात रे, चालायचंच. एवढं बोलून मी घरी जेवायला गेलो.

ओइवाने शब्द पाळला. गावातल्या दुकानाच्या फळ्यावर सामान विकायची चिठ्ठी लागली आणि जुलैच्या दोन शनिवारांत वर्कशॉप रिकामं झालं. लेथ मशीन समुद्रकिनाऱ्याकडचा कुणी घेऊन गेला. कॉफी-टेबलावर लोक म्हणाले, कधीतरी होणारच होतं. मी मूग गिळून बसलो. एकदा तर मानही हलवली. शेवटी उरलेल्या सामानातून ओइवाने फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच मला दिला, त्याच्या गुरूकडून त्याला मिळालेला. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "ठेव. सगळ्या गावात तू एकटा मला वाईट बोलला नाहीस." तो संच घरी आणून मी कपाटात कपड्यांखाली ठेवला. ते कपाट उघडायचं झालं तर मी राइलीला सांगतो.

ऑक्टोबरमध्ये दुकानात साइमी भेटली. बारीक झाली होती. म्हणाली, काम सुटल्यापासून हात फार वेगाने गेले. सूप मीच भरवते. खिडकीत बसून असतो, अंगणात पण जात नाही. तू ये ना कधीतरी, तुझ्याशी बोलतो तो.

त्याच दिवशी मी गेलो. टँकर रस्त्यावर उभा करून, बूटसुद्धा नीट न झटकता आत शिरलो, आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. तळं सांगितलं, जेट सांगितलं, रविवारची ती दोन मिनिटं सांगितली. ओइवा माझ्याकडे बघत होता. टेबलावर त्याचे दोन्ही हात असे हलत होते की बशीतला चमचा वाजत होता. त्याने थोबाडीत मारावी असं मला मनापासून वाटत होतं.

"किती लहान बसवलंस?" त्याने विचारलं.

"दोन नंबर."

तो मनात हिशेब करत राहिला. मग म्हणाला, "मग ते जाणारच होतं. कुणीही बांधलं असतं तरी गेलं असतं."

"हो."

"फट बरोबर होती."

"बरोबर होती, ओइवा. सगळं बरोबर होतं."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. राग नाही, शिवी नाही, काही नाही. त्याने आत हाक मारली. साइमी दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "साइमी, ऐकलंस का? जूनमध्ये माझे हात चांगले होते. जूनमध्ये अगदी चांगले होते!"

साइमी आली, त्याच्या शेजारी बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. धरले तरी ते थांबेनात.

"होते ना," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "टाइस्तो, तू आता घरी जा."