येतानाचं तिसरं तिकीट

घड्याळजीचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ ठरलेलं. आत एक लांब टेबल आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. एकावर घड्याळजी. दुसऱ्यावर एकोणीस वर्षं कोणी नाही. एखादं गिऱ्हाईक तिथे टेकायला गेलंच, तर हा लगेच म्हणायचा, "तिथे नको, पाय डुगडुगतो त्याचा." खरं तर स्टूल चांगलं ठणठणीत होतं.

त्या स्टुलामागे खिळ्याला एक भिंग टांगलेलं होतं, डोळ्यात धरायचं, काळ्या नळीचं. ते धाकट्या भावाचं. त्याचं सगळं काम डाव्या हाताचं, म्हणून घरापासून बाजारापर्यंत सगळे त्याला डावरा म्हणत. रस्त्यावरून ट्रक गेला की ते भिंग हलायचं. कधी कधी ट्रक नसतानाही हलायचं, आणि अशा वेळी घड्याळजी मान वर करत नसे.

डावरा बँकॉकला गेला तो गेलाच. तिकडेही घड्याळंच दुरुस्त करायचा. आईला फोन करायचा, भावाला नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका माणसाचा फोन आला, की ताप आला होता, दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. सगळं तिकडेच उरकलं गेलं. मग एक खोकं आलं. त्यात दोन सदरे, एक पट्टा आणि पासपोर्ट. आईने सदरे हुंगून पाहिले, खोकं बंद केलं आणि म्हणाली, "मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही." त्या दिवसापासून आजतागायत तिने डावऱ्याच्या नावापुढे 'होता' लावलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी चित्रकलेच्या बाई आल्या. शाळेच्या सुट्टीत त्या बँकॉकला फिरून आल्या होत्या आणि नदीकाठच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांनी चावीचं एक जुनं मनगटी घड्याळ आणलं होतं. ते मागे पडत होतं. घड्याळजीने मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्यात धरलं आणि तसाच बसून राहिला.

या धंद्यात एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण ओरखडायची, खाली बारीक अक्षरात तारीख. पुढच्या घड्याळजीला कळतं, आपल्याआधी इथे कोणाचा हात फिरलाय. या घराची खूण म्हणजे दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्याखाली एक ठिपका. वडिलांच्या आणि थोरल्याच्या रेघा उजवीकडे झुकायच्या, डावऱ्याच्या डावीकडे.

बाईंच्या घड्याळात डावीकडे झुकलेल्या दोन रेघा होत्या. खाली ठिपका. आणि तारीख गेल्या वर्षीची.

"कोणाकडून घेतलंत हे?" त्याने विचारलं.

"बोटींच्या धक्क्याजवळ एक गाळा होता. कोण होतं ते काही सांगता यायचं नाही हो, मान खाली घालून काम चाललं होतं."

नेमकी त्याच वेळी आई डबा घेऊन आली. लेकाचा पांढराफटक चेहरा पाहून तिने डबा टेबलावर ठेवला नाही, आधी विचारलं, "काय झालं?" आईपुढे याच्या पोटात काही टिकत नसे. एक गोष्ट सोडून. त्याने सांगून टाकलं. आई मटकन खाली बसली, आणि बसली ती त्या रिकाम्या स्टुलावर.

"जायचं," ती म्हणाली.

शहात्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, बाजारात जाताना दोनदा थांबते. पण आता तिला पंधरा दिवसांत पंख फुटले. पासपोर्टसाठी फोटो काढून आली आणि फोटोत आपण चोरासारख्या दिसतो म्हणून पुन्हा काढून आली. एका वहीत यादी सुरू झाली. औषधं, मऊ चपला, विमानात गारठा असतो म्हणून स्वेटर. बोटीत बसायचं असेल तर कडेला नको, मधे. धक्क्याजवळच स्वस्तातलं हॉटेल, म्हणजे सकाळी उठलं की बाजार समोर. रोज एका बाजूचे गाळे बघायचे, घाई करायची नाही. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'त्याला नवीन सदरा, गळा साडेपंधरा'. तो तिने आणूनही ठेवला.

दुकानातलं एक भिंतीवरचं घड्याळ तिने बँकॉकच्या वेळेला लावून घेतलं. डबा घेऊन आली की आधी त्याच्याकडे बघायची. "आता गाळा आवरत असेल तो," ती म्हणायची, अगदी सहज, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. घड्याळजीच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

कारण इथेच घोडं पेंड खात होतं. ती खूण कोणालाही काढता येते, हे या जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःच ती काढली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी एका निवृत्त न्यायाधीशांचं खिशातलं घड्याळ त्याच्या हातून बिघडलं. चिमटा निसटला आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग वेडीवाकडी झाली. वडील कडक. याने मुकाट्याने झाकण लावायला घेतलं, आणि लावण्याआधी आतून डावीकडे झुकलेल्या दोन रेघा ओरखडल्या. आठवड्याने घड्याळ परत आलं. वडिलांनी गिऱ्हाइकासमोर ते उघडलं, खूण पाहिली आणि डावऱ्याला म्हणाले, "या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही." डावऱ्याने झाकण मागून घेतलं. भिंगातून पाहिलं. मग भिंग काढून भावाकडे पाहिलं. तेच भिंग त्याने खिळ्याला टांगलं आणि निघून गेला. महिन्याभरात देश सोडला.

ती नजर घड्याळजीने एकोणीस वर्षं सोसली होती. आता तर कहर झाला. कोणाचंही झाकण उघडलं की आधी डावीकडच्या रेघा दिसायच्या आणि डोळा मिटून उघडला की नाहीशा व्हायच्या. समोरच्या कपाटाच्या काचेत कोणीतरी मान खाली घालून काम करताना दिसायचं. वळून पाहावं तर रिकामं स्टूल. बाईंचं घड्याळ दुरुस्त होऊन पडलं होतं, पण त्याने त्यात अजून आपली खूण काढली नव्हती. ते झाकण दुसऱ्यांदा उघडायची त्याची छातीच होत नव्हती.

शेवटी तिकिटं काढायचा दिवस आला. चौकातला ट्रॅव्हलवाला ओळखीचा, तो स्वतःच दुकानात आला. "बोला आजी, किती जणं?"

"जाताना दोन," आई म्हणाली. "येताना तीन."

ट्रॅव्हलवाल्याने घड्याळजीकडे पाहिलं. घड्याळजीने टेबलाकडे.

"तुम्ही संध्याकाळी या," तो कसाबसा म्हणाला. ट्रॅव्हलवाला गेल्यावर त्याने दुकानाचं दार आतून ओढून घेतलं. "आई, त्या खुणेवर विसंबू नकोस. ती कोणीही काढू शकतं."

"कोणी म्हणजे कोण?"

"मी काढली होती." मग त्याला थांबताच येईना. न्यायाधीशांचं घड्याळ, चिमटा, स्प्रिंग, सगळं बाहेर पडलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लहान मुलासारखा नाक ओढत होता. "त्याला मी घालवला, आई. तो माझ्यामुळे गेला आणि तिकडे एकटा मेला."

आईने वहीचं पान बोटाने सारखं केलं.

"तुझ्या वडिलांनी त्याच दिवशी ओळखलं होतं," ती म्हणाली. "फक्त तो निघून गेल्यावर. पुन्हा नीट बघितलं तेव्हा. डावऱ्याची रेघ वरून खाली यायची. डाव्या हाताला ते सोपं. तुला ती तशी झुकवायची तर खालून वर ढकलावी लागली. सुई शेवटी जिथे उचलली तिथे रेघ खोल होते ना, त्याची खाली, तुझी वर. त्यावरून कळलं त्यांना."

"मग बोलले का नाहीत?"

"वयाने त्यांचे हात थरथरायला लागले होते, बारीक काम होईना. एक पोरगा गेला होता, दुसऱ्याला कुठल्या तोंडाने घालवणार?" ती जरा थांबली. "डावऱ्यालाही ठाऊक होतं. मी फोनवर म्हटलं, ये परत, सगळं कळलंय. तर म्हणाला, दादाने सांगितलं की येतो."

घड्याळजीला वाटलं, आता जिनाच अंगावर कोसळावा. दादाने सांगितलं की येतो. एवढंच काम होतं. तेरा वर्षं तो माणूस त्या एका वाक्यासाठी तिकडे थांबला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडून यायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. मला शपथ घातली होती. मीही मूर्ख, पाळत बसले." मग पदराने तोंड पुसून तिने बाईंचं घड्याळ त्याच्यापुढे सरकवलं. "माझे डोळे गेलेत. आणि तुझ्या डोळ्यांवर आजवर माझा भरवसा नव्हता. आज आहे. बघ आणि खरं काय ते सांग. वर खोल आहे का खाली?"

घड्याळजीने आपलं भिंग उचललं, पुन्हा ठेवलं. उठला आणि खिळ्यावरचं भिंग काढलं. एकोणीस वर्षांची धूळ सदऱ्याला पुसली. झाकण उघडलं, ठिपका खाली येईल असं फिरवलं.

रेघा नितळ होत्या, घाई नव्हती. कोणीतरी अगदी जपून, शिकवल्याबरहुकूम काढलेल्या. खालच्या टोकाला बारीक, केसासारख्या. वरच्या टोकाला खोल.

खोटं बोलणं फार सोपं होतं. नुसतं 'खाली' म्हणायचं. आई नवा सदरा घेऊन विमानात बसली असती आणि निदान तेवढे दिवस तिचा लेक जिवंत राहिला असता.

"वर," तो म्हणाला. "उजवा हात आहे, आई. त्याने कोणाला तरी शिकवलंय. ते माणूस अजून त्याचीच खूण काढतं."

आई कितीतरी वेळ भिंतीवरच्या त्या पुढे धावणाऱ्या घड्याळाकडे बघत राहिली. मग तिने वही उघडली. सदऱ्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवली, पण ती ओळ खोडली नाही. फक्त 'साडेपंधरा' खोडलं.

"कोण आहे ते बघून येऊ. त्याचा गळा विचारून घेऊ," ती म्हणाली. "ट्रॅव्हलवाल्याला सांग, येताना दोनच. डावरा होता तिथेच राहू दे."