आक्काच्या दंडातलं रक्त

नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी पनवेलच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या थोरल्या बहिणीचं रक्त काढलं... (बोलतेय मी, टाइप करतेय नात. चुका तिच्या.)

माझी सून मेधा तेव्हा लॅबमध्ये होती. देवीची लस एखाद्यालाच बाधते, अंगभर फोड येतात. त्यातून जो वाचला, त्याच्या रक्तात उतारा असतो... तो हुडकायचा आणि जंतूंच्या पोटात त्याच्या नकला वाढवून औषध करायचं, हे तिचं काम.

दोन वर्षं काही जमेना. घरी यायची ती पिळलेल्या फडक्यासारखी. लस बाधून वाचलेलं माणूस तिला हवं होतं, आणि ते निघालं घरातलंच... माझी ही थोरली बहीण, पळस्प्याची आमची आक्का. लहानपणी टोचल्यावर तिचा हात दंडापासून मनगटापर्यंत सडला होता. पुढे जन्मात तिनं सुई जवळ येऊ दिली नाही.

महिनाभर मी पळस्प्याच्या फेऱ्या मारल्या. माझे गुडघे बोलायला लागले, आक्का काही बोलेना. शेवटी आली, पण पदर दंडावर घट्ट ओढून बसली. "माजा हात एकदा खाल्लान, आता रगत पन?"

मेधा रक्तासाठी आणलेला बर्फाचा डबा आवरायला लागली. मला तिचा चेहरा बघवेना. मग मीच दंड पुढे केला, "माझं घे. मलाही टोचलंय, हा बघ व्रण." हाच व्रण दाखवून मी घरातली सगळी पोरं इंजेक्शनला धाडली होती...

"तिचं नको घेव गो पोरी," आक्का म्हणाली. "माजा हात बगून आय घाबरली, हिची लस तवाच फडक्यानं पुसली. तो डाग भजी तलताना उडालेल्या तेलाचा हाय."

पन्नास वर्षं गप्प बसलेली बाई, नेमकी सुनेसमोर बोलली.

"म्हंजे कामाचा हात माजाच," म्हणत तिनं स्वतःच पदर सोडला. मेधानं सोबत आणलेल्या नर्सनं सुई टोचली तेव्हा आक्कानं माझी बोटं इतकी आवळली, की दोन दिवस पोळ्या लाटवेनात.

रक्त उपयोगी पडलं, असं मेधा म्हणाली. पण औषधाला वर्षं लागतात... आक्का गेली तोवर झालं नव्हतं.

तिचा हात सडला म्हणून माझा वाचला, हे तिला मी कधी म्हटलंच नव्हतं. रक्त काढलं त्या संध्याकाळी, तिला रिक्षात बसवताना म्हटलं. ती म्हणाली, "बरं बरं... सर बाजूला, रिक्षावाला खोलंबलाय."