अकरा चुलतभाऊ

मुलगी गुडगावातल्या जनुकं तपासणाऱ्या एका नव्या प्रयोगशाळेत लागली, त्याच सुमारास आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या सोसायटीत आलो. दोन्हीकडे भिंतींना अजून रंगाचा वास होता.

प्रयोगशाळेत नवीन माणसाने सरावाला आपलंच रक्त तपासायचं असा रिवाज होता. हिच्या रक्तातल्या डीएनएत, हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकात फरक निघाला. प्रथिनाच्या लांब साखळीत एका जागी, चारचौघांत असतं त्याहून वेगळं अक्षर, म्हणजे वेगळं अमिनो आम्ल. संगणकाने शेरा दिला, 'बहुधा घातक'.

पुढच्या शनिवारी तिला मैत्रिणींबरोबर डोंगरात ट्रेकला जायचं होतं. अर्धी भरलेली सॅक तिने कोपऱ्यात ठेवली. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली.

रविवारी मी विचारलं, "संगणकाला कसं कळतं?"

"बाबा, तो इतर प्राण्यांतलं तेच प्रथिन बघतो. त्या जागी सगळ्यांत एकच अक्षर टिकलं असेल, तर जागा महत्त्वाची. तिथे बदल झाला की बिघाड."

"सगळ्यांत म्हणजे किती?"

"अकरा. यादी मीच दिली."

मी नोकरीभर नमुना पाहणी केली. यादी मागून घेतली. नऊ माकडं आणि वानरं, दोन उंदीर.

"अगं, पहाडगंजच्या एकाच गल्लीतली अकरा घरं विचारून तू दिल्लीचा आकडा सांगतेस. हे सगळे आपले चुलतभाऊ. जरा लांबचे घे."

"यार बाबा," म्हणत तिने यादी परत ओढून घेतली.

सोमवारी तिने मासे, पक्षी, बेडूक धरून चाळीस प्राणी घातले. कोंबडीत आणि बेडकात त्या जागी हिचंच अक्षर होतं, आणि दोघांची हृदयं त्यावर बिनतक्रार चालत होती. शेरा बदलला, 'बहुधा निरुपद्रवी'.

'बहुधा' दोन्ही शेऱ्यांत होतं, म्हणून बुधवारची वेळ मी रद्द करू दिली नाही. डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली, घरात कुणाला हृदयविकार होता का ते विचारलं आणि सांगितलं, "जा खुशाल."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "शुक्रवारी कोंबडीचा रस्सा करणार होते. आता नातं निघालं म्हणजे पंचाईत."

"आई, नातं लांबचं आहे. कर तू," मुलगी म्हणाली आणि सॅक पुन्हा भरायला बसली.

रस्सा शुक्रवारीच संपला. शनिवारी ट्रेकच्या डब्यात नुसत्या पोळ्या गेल्या.