चिंचोक्यांचा कोड आणि माझी मान

भास्करने स्वतःचा कोड स्वतःच मारला, म्हणून मी वाचलो.

आज पहाटे भडगावला त्याने प्राण सोडला. मला एका जागी बसवत नाही. म्हणून लिहितोय.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. धुळ्यात माझ्या नावाचं वॉरंट, आणि चोपड्यात माझी सभा. जागा तिथल्या कार्यकर्त्यांना कळवायची कशी? पोलीस आमची पत्रं वाटेतच फोडायचे.

भास्कर गणिताचा मास्तर. त्याने कोड रचला. फोडलेले चिंचोके, एक बाजू काळी, एक पांढरी. सहांची ओळ म्हणजे एक अक्षर. ठरलेल्या नियमांनी ओळ बदलायची आणि बदललेली कागदावर उतरवून पाठवायची.

मी खूश! हा मात्र जमिनीवर चिंचोके उलटत बसलेला.

"अरे, चल की!"

"थांब. दोन ओळी मिळवून बघतोय. सारखे तिथे काळा, वेगळे तिथे पांढरा."

"मग?"

"आधी मिळवून मग बदल, नाहीतर आधी बदलून मग मिळव. उत्तर एकच. बठ्ठं सरळ शे रे भाऊ!"

"मग चांगलंच की."

"डोंबल चांगलं! लिनिअर आहे हे, सगळं सरळ रेषेत. नेमकी सहा अक्षरं त्यांना कळली, की बाकीची नुसत्या मिळवणीने निघतील."

"दोन ओळींवरून सांगतोस?"

"प्रत्येक नियमाचं प्रूफ केलंय. कुठलीही ओळ घे."

"फौजदाराला एवढं गणित येतं?"

"येत नसेल. त्याच्या अडाणीपणावर तुझी मान ठेवू?"

मैदानं गाजवणारा मी. उठून चूल पेटवली.

कोडचा कागद चुलीत गेला. निरोप तोंडी द्यायला तो स्वतः एसटीत बसला.

सभा झाली. मी बोललो, निसटलो.

परतताना तो सापडला. मार खाल्ला. माझा ठिकाणा सांगितला नाही.

सुटून आला तेव्हा ओठ फुटलेला. मी मिठी मारायला गेलो, तर म्हणतो कसा,

"सापडलं! शेजारचे दोन्ही पांढरे असतील, तरच तिसरा उलटायचा. आता मिळवणी जुळतच नाही. फोडा म्हणावं!"

तोवर आम्ही उघड मैदानात उतरलो होतो. तो नवा कोड कुणीच वापरला नाही.

आज जो तो आवाज चढवून पटवतोय. मीही जन्मभर तेच केलं.

सिद्ध करणारा गेला.

भास्कर, तू पणाला लावू दिली नाहीस ती मान अजून धडावर आहे.

आज ती तुझ्यापुढे खाली आहे.

बरं, ये मित्रा.