एका बांबूचं अंतर

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही बाप्पा! औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साचतच जातात. मी चांद्याकडच्या मूल गावाजवळ एका लहान दवाखान्यात कंपाउंडर होतो. सत्तावन्न साली फ्लूची साथ आली, त्या पावसाळ्यातले तर इतके किस्से आहेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच तोंड घालतो.

दवाखाना तरी केवढा? आम्ही चार माणसं. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, तरुण, आवाजानं मऊ आणि नियमानं कडक. रोझसिस्टर सिरोंचाकडची, रागावली की तेलुगूत रागावायची. वॉर्डबॉय डोमाजी हिवाळ्यात वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकांत राजा व्हायचा आणि उरलेलं वर्ष आमच्याकडे खाटा उचलायचा. आवाज असा, की शेवटच्या रांगेत झोपलेला प्रेक्षक दचकून उठून बसावा! आणि चौथा मी.

*

साथ आली तसं साहेबांनी आम्हाला अंगणात उभं केलं. म्हणाले, "आजपासून स्टाफमधलं कोणीही कोणाच्या सहा फुटांच्या आत येणार नाही. आपणच आडवे झालो तर लोकांनी जायचं कुठं?"

पण सहा फूट डोळ्यांना कळतात का? बोलता बोलता माणूस जवळ सरकतोच. मग साहेबांनी सहा फुटी बांबू कापून आणवले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. समोरच्याच्या अंगाला बांबू टेकला, तर मागं सरकायचं.

दुसऱ्याच दिवशी जंगलखात्याचा नवा गार्ड दारात! आमच्या चांद्याकडे माणूस हरवला तर चालेल, बांबू बिनपासाचा चालत नाही.

"बांबू कुठून आणले? पास दाखवा!"

साहेबांनी आपला बांबू त्याच्या छातीला टेकवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "आधी मागं सरका. पास नंतर मागा."

गार्ड तणतणत निघून गेला. आठवडाभरानं तोच परत आला, अंगात ताप, डोळे लाल. दारातूनच ओरडला, "साहेब, मलेबी एक बांबू द्या जी!"

*

पेशंटसाठीही तोच नियम. पेशंट चिंचेखाली, साहेब व्हरांड्यात, मधल्या अंगणात डोमाजी. साहेबांचा मऊ आवाज चिंचेपर्यंत पोचायचा नाही, म्हणून त्यांचा प्रश्न डोमाजी पुढं ओरडायचा आणि पेशंटचं उत्तर मागं ओरडायचा.

एका बाजाराच्या दिवशी आमचे जुने मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, खोकत आले. अंगणात ही गर्दी! साहेबांनी विचारलं, "खोकल्याशिवाय आणखी काही त्रास?"

डोमाजी गरजला, "खोकल्याबिगर आनखी काई तरास हाय का जी?"

मालगुजार इकडंतिकडं पाहून काहीतरी पुटपुटले. "ऐकू नाई आलं जी!" ते पुन्हा पुटपुटले. डोमाजीनं त्यांच्या ओठांकडं नीट पाहिलं, त्याला कळलं, आणि तो व्हरांड्याकडं वळून राजाच्या आवाजात म्हणाला, "साहेब! मालकाले मूळव्याध हाय! बसता येत नाई!"

आख्ख्या बाजारानं ऐकलं. त्यानंतर कित्येक दिवस मालगुजार कुठंही गेले की लोक प्रेमानं विचारायचे, "उभे काऊन मालक? बरं नाई का अजून?"

*

साहेब शुद्ध शाकाहारी. दवाखान्यात आले तेव्हापासून आपल्या क्वार्टरमध्ये दार लावून एकटेच जेवायचे. आम्हीही कधी बोलावलं नाही. पण साथीत एकमेकांवर लक्ष ठेवायचं म्हणून सगळ्यांनी अंगणात, एकेका बांबूच्या अंतरावर बसून जेवायचं ठरलं. साहेब आपला डबा घेऊन आले आणि मांडी घालून बसले!

डोमाजीच्या भातावर तळ्यातल्या सुक्या मासोळ्यांचं कालवण. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "डोमाजी, वास इथपर्यंत येतोय."

"बांबू लांबवू का जी?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका लागताच सिस्टर ताट उचलून आणखी मागं सरकली! तेव्हापासून तो माणूस कधी एकटा जेवला नाही. आता तुम्हीच सांगा, अंतर वाढलं की कमी झालं?

*

आता रोझसिस्टरचं ऐका. हा किस्सा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

फ्लूच्या रोग्यांसाठी चिंचेपलीकडं वेगळी छपरी घातली होती. आत कोणी राहायचं, असं साहेबांनी विचारलं. मी आणि डोमाजी जमिनीकडं पाहत उभे. सिस्टर म्हणाली, "ज्याच्या मागं रडणारा कोणी नाही, त्यानं. म्हणजे मी. बस, झाला!"

आणि गेली की आत! आम्ही जेवण-चहा मधल्या दगडावर ठेवून मागं सरकायचो, मग ती येऊन न्यायची. मी एकदा घोंगडी द्यायला दगडाच्या पुढं गेलो, तर "अय्यो!" करून तिनं भांडंच फेकलं. भांडं कसलं होतं ते विचारू नका. रोज सकाळी दारात उभी राहून ती ओरडायची, "सगळे बरे!"

मग एकदा दगडावरचा चहा तसाच राहायला लागला. सकाळी "सगळे बरे!" मात्र यायचंच. आम्हाला वाटलं, कामात असेल. चहाचे कप पुन्हा रिकामे व्हायला लागले तेव्हा साहेबांनी लांबून विचारलं, "सिस्टर, मधे चहा का घेतला नाही?"

"ताप होता. आता उतरला."

साहेब पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले, "मग सांगितलं का नाही?"

"सांगितला असता तर तुम्ही सगळे आत आले असता," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

देवळात जोडतो, तसे मी त्या छपरीकडं पाहून हात जोडले. खोटं कशाला सांगू!

*

डोमाजीची बायको सरजा, तिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन लेकरं जन्मताच गेली होती. म्हणून साथ आल्यापासून डोमाजी घरी झोपतच नव्हता, दवाखान्यामागं बैलगाडीच्या छपराखाली पडायचा. संध्याकाळी आपल्या घराच्या कुडाबाहेर बांबू घेऊन उभा राहायचा आणि दोघं नवराबायको गप्पा मारायचे. ह्याच्या आवाजामुळं त्या गप्पा आख्ख्या मोहल्ल्याच्या व्हायच्या!

"जेवली का वं?"

"जेवली."

"लेकरू हालते का?"

"हालते. तुमच्या आवाजानं दचकून राह्यलं ते! हळू बोला!"

एवढं जपूनही सरजाला ताप आलाच. शेजारच्या बायांनी खाटेवर घालून आणली, सिस्टरनं छपरीत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. साहेब तोंडाला फडकं बांधून आत गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "एवढ्या तापात बाळंतपण..." आणि फडक्याची गाठ घट्ट केली.

डोमाजीनं बांबू फेकला आणि दगड ओलांडून पळत सुटला. आतून सरजाच ओरडली, "येऊ नका जी! तुमी पडले तं लेकराले कोण पाहीन?" मग धापा टाकत म्हणाली, "बोलत राहा. आवाज येऊ द्या."

डोमाजी चिंचेखाली परत आला. बोलायचं काय? त्यानं नाटक सुरू केलं. राजा तोच, प्रधान तोच, राणी तोच! त्याला येत होती तेवढी नाटकं संपली, तरी आतून कण्हणं थांबेना. मग तो मनानंच नाटक रचायला लागला. राणीला थेट आलापल्लीच्या सागवानात नेऊन सोडली. पाऊस, अंधार, रानात एकटी बाई! छपरीतले तापाचे रोगी उठून बसलेले आम्हाला कुडाच्या फटीतून दिसत होते. औषधाला आलेले लोक अंगणात पावसात भिजत उभे होते, प्रत्येकजण दुसऱ्यापासून बांबूभर लांब, आणि कोणी हलत नव्हतं. मी आयुष्यात तसा खेळ पुन्हा पाहिला नाही.

राणीच्या समोर वाघ आला. डोमाजीनं अशी डरकाळी फोडली की चिंचेवरची पाखरं उडाली.

आणि आतून लेकरू रडलं.

डोमाजी तिथंच गप्प झाला. सिस्टर दारात आली, हातातलं गाठोडं उंच धरून म्हणाली, "मुलगी! चांगली आहे!"

त्यानं त्या गाठोड्याकडं पाहिलंच नाही. त्याचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. जवळच्यालाही ऐकू येणार नाही असं तो म्हणाला, "अन् सरजा?"

सिस्टर मागं वळून पाहायला लागली. आत साहेबांची धावपळ ऐकू येत होती. किती वेळ गेला, देव जाणे.

मग छपरीतून बारीक, थकलेला, पण चांगलाच चिडलेला आवाज आला, "थांबले काऊन जी? तिले वाघापुढंच उभी ठेवता का? पुढं काय झालं?"

डोमाजी मटकन चिखलात बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून, रडत रडत ओरडला, "पळाला, सरजे! वाघ पळाला!"