जाताना समानार्थी, येताना विरुद्धार्थी

वणी, रविवार, ९ मार्च २०२५.
वैष्णवी पहाटेच्या एसटीने परीक्षेला यवतमाळला गेली. सोबत दशम्या आणि लसणाची चटणी दिली. आज नळ आला नाही. गुडघा दुखतो आहे. मुलाचा, श्रेयसचा, फोन आला. पुण्याला कधी येतेस, हेच विचारत होता.

एवढे सकाळी लिहिले आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागले नाही.

वैष्णवी माझी भाडेकरू. मागच्या खोलीत राहते. मूळची मुकुटबनची, शेतकऱ्याघरची मुलगी. एसटीत कंडक्टर आहे. नवऱ्यापासून, अंकुरपासून, ती वेगळी झाली. मुलगी रेणुका दुसरीत आहे आणि मुकुटबनला वैष्णवीच्या आईजवळ, मैनाबाईंजवळ असते. दिवाळीत दोन्हीकडच्या मंडळींची बैठक झाली. कंडक्टर बाईचा आज इथे मुक्काम, उद्या तिथे. शाळेतून आलेल्या पोरीला दार कोण उघडणार, असा प्रश्न निघाला. शेवटी ठरले की वैष्णवी जूनपर्यंत ऑफिसातल्या कामाची परीक्षा पास झाली, तर रेणुका तिच्याकडे राहील. नाही तर बापाकडे. अंकुर कोळशाच्या ट्रकवर असतो, त्याचेही मुक्काम बाहेरच. ते मात्र बैठकीत कोणाला खटकले नाही.

वयाच्या अटीमुळे कारकुनाच्या परीक्षेला बसायचे वैष्णवीचे हे शेवटचे वर्ष. गणित चांगले, मराठी बरे. अडायचे ते इंग्रजी शब्दांपाशी. एका संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तुमी कॉन्व्हेंटच्या. मले शब्द द्या."

नागपूरच्या आमच्या शाळेत सिस्टर एका शब्दाची पाच वाक्ये करून घेत आणि मगच दुसरा शब्द देत. मी तसेच सुरू केले. पण वैष्णवीला वाक्यांना वेळ नव्हता. तिची ड्यूटी वणी-मुकुटबन गाडीवर होती. मुकुटबनला गाडी फिरेपर्यंत मैनाबाई रेणुकाला स्टँडवर घेऊन येत आणि मायलेकींची भेट होई. त्याच रस्त्यावर वैष्णवीने आपली युक्ती काढली. प्रत्येक थांब्याला एक शब्द बांधला. जाताना त्याच अर्थाचे शब्द म्हणायचे, येताना उलट अर्थाचे. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी 'स्कार्स', म्हणजे तुटपुंजे. त्याच्या जोडीला 'मीगर'. परतताना त्याच फाटकाशी 'अबंडंट', भरपूर. कायर गावाला, नावाच्या हिंदी अर्थावरून, 'टिमिड', भित्रा.

ड्रायव्हर खेमसिंगना याची भारी मजा वाटे. ते तिला म्हणाले होते, "माह्या सासुरवाडीले भित्रं म्हणतं का बाई? उतर खाली."

"येतानी 'बोल्ड' म्हणते ना भाऊ."

"मंग जातानी मी झोपतो, येतानी जागा राह्यतो."

हे सगळे ती रोज मला सांगे आणि आम्ही हसत असू. तरी मला एक शंका होती. मी मधलाच एखादा शब्द विचारला की ती गप्प होई. ओठ हलत राहत. मग म्हणे, "थांबा आजी, गाडी अजून मंदरच्या थांब्यालेच हाय." शब्द शेवटी बरोबरच सांगायची.

"परीक्षेत गाडी नसते गं," मी एकदा म्हटले.

"शब्द तर तेच असतीन ना."

मी पुढचा शब्द विचारला.

आज ऊन कलल्यावर ती आली. चपला काढायच्या राहिल्या, तशीच ओट्यावर बसली. मी पाणी दिले.

"पेपर अवघड होता का?"

"नाई. सारे शब्द येत होते आजी. तेच तर."

मग तिने सांगितले. स्क्रीनवर उलट अर्थाचा शब्द विचारला होता, 'रिलक्टंट'चा, म्हणजे नाखूषचा. तिचा 'रिलक्टंट' मुकुटबनच्या स्टँडवर. मनातल्या मनात वणीहून निघून एकेक थांबा घेतल्याशिवाय तो हाती लागेना. तिथून गाडी फिरवली तेव्हा 'विलिंग', राजी, सापडला. पुढच्या शब्दाला पुन्हा वणी. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उतरत होते.

"मधूनच चढाले गेली तं काईच आठवे ना. गणिताले पोचली अन् वेळ खतम. गणित मले पुरं येत होतं."

निकाल लागेपर्यंत धीर धर, असे म्हणावेसे वाटले. पण तिला निकाल कळलेला होता.

तेवढ्यात मैनाबाईंचा फोन आला. वैष्णवीने स्पीकर लावून मोबाइल ओट्यावर ठेवला.

"झाला का पेपर बाई?"

"झाला."

"मंग? बोलत काहून नाई?"

वैष्णवी आता चपला काढू लागली. पलीकडून मैनाबाईच म्हणाल्या, "आत्ताच अंकुरचा फोन येऊन गेला. म्हणे, पोरीले मी नेतो, तिचा शाळेचा दाखला काढून ठेवा."

मागून रेणुकाने फोन ओढून घेतला. "आई, उद्या तुई गाडी कितीले येते? मी भुट्टा आणू?"

"आण," वैष्णवी म्हणाली आणि उठून आत गेली.

फोन चालूच होता. तो मी उचलला. "मैनाबाई, मी कुंदा बोलते. दार उघडायला कोणी नाही, हीच अडचण होती ना बैठकीत? इथे मी आहे. उद्याच्या गाडीने रेणुकाला पाठवून द्या. जवळच शाळा आहे, विचारून ठेवते."

"वाईट वाटून घेऊ नका बाई, पण तुमचं वय काय? अंकुर म्हणन, म्हातारीच्या भरोशावर पोरगी ठेवता का?"

"म्हणू द्या. पुन्हा बैठक बसवा. मी येईन."

"बैठक बसन. ऐकतीन का, ते काई सांगता येत नाई." मग त्याच म्हणाल्या, "पाठवते उद्या. चार दिवस राहू द्या मायजवळ."

फोन ठेवला तेव्हा वैष्णवी दारात उभी होती. डोळे पुसलेले होते.

"श्रेयसभाऊले विचारलं का, आजी?"

"नाही."

"ते तं तुमाले पुण्याले नेऊन राह्यले. मंग कायले बोलल्या?"

मी पाण्याचा रिकामा पेला उचलला. अंकुरला मी अजून पाहिलेलेही नाही. तो मला म्हातारी म्हणेल ते खोटे आहे असे मला छातीठोक सांगता येत नाही; जिना चढताना मी कठड्याला धरते. वैष्णवी उद्याच्या ड्यूटीचा शर्ट इस्त्री करायला गेली.

संध्याकाळी नोंद केली: माळ्यावरची गादी वैष्णवीकडून उतरवून घेतली. खोळ उसवली होती, ती शिवून गादी रेणुकासाठी मागच्या खोलीत टाकली.