मौनाच्या दिवशी फुटलेली टाकी

पान सुली समुद्राला मारूनच मोठा झाला. बाटलीत दारू ठासायची, वात पेटवायची, तीन आकडे मोजून फेकायची. खाली धडाम, आणि वर फाटक्या पोटांचे मासे. एकदा वात आखूड निघाली तेव्हा माशांबरोबर त्याच्या डाव्या हाताची तीन बोटंही वर आली. बायकोने ती फडक्यात गोळा केली. हा वाळूत बसून शिव्या देत होता, त्याही वातीला.

नाव गेदे रेदाना. पण येह सुंपुल गावात पहिलं लेकरू झालं की बापाचं नाव पुसतं; सुली झाली आणि तो पान सुली, म्हणजे सुलीचा बाप, झाला, बायको मेन सुली. माणूस असा, की कोंबड्यांच्या झुंजीत निकाल पटला नाही म्हणून त्याने पंचालाच रिंगणात लोळवलं होतं. पुढे बाटल्या थांबल्या, पण त्या काही शहाणपणाने नव्हेत. फोडायला प्रवाळाचा खडकच उरला नव्हता.

आणि एक दिवस दक्षिणेतल्या प्रवाळ-व्यापाऱ्याचा निरोप आला. घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडा, आम्ही प्रवाळाचे बारा तुकडे देतो. महिन्याने माणूस येऊन मोजेल. दहा जिवंत दिसले तर समुद्रातला एक वाफा तुमचा; लावा, वाढवा, आम्हाला विका.

"आणि नाही जगले तर?" मेन सुलीने विचारलं.

"तर पलीकडच्या बेटाला अजून खडक शाबूत आहे. बाटल्या घेऊन तिकडे," पान सुली म्हणाला.

मेन सुली त्या दिवशी जेवली नाही.

सामान आणायला बापलेक सिंगाराजा शहरात गेले. दुकान बू तर्मीचं. बाई जावाची, जीभ आरीसारखी.

"पहिलीच टाकी ना? मग मोठी घ्या. डबक्यात एक जीव कुजला की सगळे कुजतात. आणि काच जाड घ्या."

"ही पातळ स्वस्त का?"

"फुटते म्हणून."

"फोडणाऱ्याला मी बघून घेईन. पातळ द्या."

"पाणी गरम ठेवायची कांडी?"

"नको हो," सुली म्हणाली. "बाबा शेजारी बसले तरी पाणी उकळेल."

बू तर्मी खो खो हसली. पान सुलीने दिव्यावर बोट ठेवलं. निळसर-पांढरा, सगळ्यात महागडा. "हा पाहिजे. प्रवाळ उन्हावर जगतं, मला शिकवू नका. फेस काढायचं हे नळकांडंही द्या, घाण वर येते त्याने. मीठ मोजायचं यंत्र नको. ही जीभ आहे." सुलीने ते यंत्र गुपचूप आपल्या पिशवीत टाकलं आणि पैसे वेगळे दिले.

"आणि पाणी हलवायला पंप?"

"कंप्रेसर आहे माझा."

"टायरमध्ये हवा भरतात तो?"

"त्याचीच नळी दातांत धरून वीस वाव खाली उतरायचो. माझ्या छातीला चालतो, तर त्या प्रवाळाच्या बोटभर तुकड्याला चालणार नाही?"

"चालेल. पण तो पेट्रोलवर ठणाणतो, पान सुली. महिनाभरात न्येपी येतेय, मौनाचा दिवस. हा बॅटरीचा छोटा पंप न्या, कानाला कळतसुद्धा नाही."

इथे माशी शिंकली. "जावाहून आलेली बाई मला माझा सण शिकवणार? तुझी आजी हे बेट शोधत होती तेव्हापासून आम्ही मौन पाळतोय!"

"मग पाळा," बू तर्मीने पंप परत खोक्यात घातला. "मौन प्रवाळालाही पाळायला लावा."

सुलीने बापाची बाही ओढली. "बाबा, घेऊ या ना. दिवा थोडा लहान घेऊ."

"गप!"

व्यापाऱ्याचे बारा तुकडे आले, टाकी छान चालली. मागच्या अंगणात कंप्रेसर ठणठणायचा, नळीने हवा आत यायची, बुडबुडे उसळायचे, तुकड्यांची इवली तोंडं उघडायची. पान सुली माजघरात उकिडवा बसून बघत राहायचा. कोणी मोठ्याने खोकलं तरी खेकसायचा, "दचकतील ना ती!"

मग न्येपी उजाडली. आदल्या संध्याकाळी गावाने राक्षसांचे पुतळे नाचवले, ताटल्या बडवल्या, पुतळे जाळले. आणि आता चुलीत विस्तव नाही, घरात दिवा नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, गळ्यातून आवाज नाही. रस्त्यावर फक्त गावराखे, चौकड्यांचं धोतर नेसलेले. त्यांचा म्होरक्या सुदार्ना, मेन सुलीचा सख्खा भाऊ.

कंप्रेसर अर्थात बंद. सकाळी दहापर्यंत टाकीतलं पाणी तेलासारखं थिजलं. तुकड्यांनी तोंडं मिटली, अंगावर लाळ धरली. सुली ओंजळीने पाणी हलवत होती.

"बाबा, गुदमरतायत," ती कुजबुजली.

पान सुली उठला. मेन सुलीने त्याचा पाय धरला. "नको हो. आज नको."

"पाचच मिनिटं."

त्याने दोरी खेचली. अख्ख्या निःशब्द गावात कंप्रेसर असा किंचाळला, जणू डुकराच्या गळ्यावर सुरी ठेवलीय. पाच मिनिटं कुठली. तिसऱ्या मिनिटाला सुदार्ना कुंपणावरून आत होता. एक शब्द न बोलता त्याने कमरेचा कोयता उपसला आणि हवेची नळी सपकन तोडली. मग मशीन बंद केलं.

"दाजी," तो कुजबुजला, "लाज विकलीत का?"

"नळी तोडलीस?" पान सुलीही कुजबुजला. आणि मुठीने त्याचं तोंड फोडलं.

अशी मारामारी त्या गावाने पाहिली नाही, ऐकली तर मुळीच नाही. दोघं अंगणातून माजघरात लोळत आले. ओरडायचं नाही, कण्हायचं नाही. सुदार्नाने पान सुलीच्या बरगडीत गुडघा घातला. त्याने "हं" एवढा हुंकारही गिळला. त्याने सुदार्नाचा कान पिरगाळला. सुदार्नाने मिठी मारून त्याच्या खांद्याचा लचका तोडला. मांस तुटल्याचा आवाज तेवढा झाला.

"बाटल्या फेकणारी अवलाद!"

"बहिणीच्या घरात कोयता आणतोस, कुत्र्या?"

"हळू बोला रे, हळू!" मेन सुली दोघांच्या पाठीत केरसुणी हाणत होती. तीही दबक्या हाताने.

पान सुलीने मेव्हण्याला उचललं आणि फेकलं. पातळ काच. एकदम सगळी गेली. घोटाभर पाण्याचा लोंढा दारापर्यंत, त्यात काचा, त्यात रक्त, आणि ओल्या जमिनीवर बारा तुकडे.

समुद्र शंभर पावलांवर. आणि आज त्या घरातल्या कोणालाही उंबरा ओलांडायची मुभा नाही.

सुली बादलीत तुकडे वेचू लागली. काच तिचे तळवे चिरत होती. वेचून झाले तशी तिने बादली सुदार्नापुढे ठेवली. "मामा. आज फक्त तू बाहेर जाऊ शकतोस."

सुदार्नाने दात थुंकला. तो पान सुलीकडे वळला. पान सुली कुजबुजला, "लाटेच्या तोंडी ठेवू नकोस. खडकाच्या आड. तुकडे एकमेकांना टेकू देऊ नकोस, ते एकमेकांना जाळतात."

"तुमच्यासारखेच," सुदार्ना म्हणाला, बादली उचलली आणि लंगडत गेला.

तो दिवस आणि ती रात्र पान सुली ओल्या जमिनीवर बसून होता. समुद्र ऐकू येत होता. त्याला जन्मभर हाणत आलेला माणूस, आणि आज त्याच्याकडे जायची बंदी.

दुसऱ्या दिवशी महिना भरला; सकाळी व्यापाऱ्याचा माणूस वही घेऊन आला, फुटक्या काचा बघून मागे वळू लागला. पान सुलीने त्याला दंडाला धरून किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात, जुन्या बॉम्बने फुटलेल्या खडकाच्या आड, सुदार्नाने तुकडे हात हात अंतराने खोचले होते आणि स्वतःच्या धोतराच्या चिंध्यांनी बांधले होते. आत्ताही तो तिथेच उभा होता, ओठ वांग्यासारखा सुजलेला.

माणसाने मोजले. तीन पांढरे फटक. नऊ जिवंत.

"दहा ठरले होते."

"हा बघा ना," सुली म्हणाली. पांढऱ्यांपैकी एकाच्या टोकाला नखाएवढा तपकिरी रंग होता.

"हा? हा मेलाय."

"जिवंत आहे," पान सुली म्हणाला.

"जिवंतच आहे," मागून सुदार्ना म्हणाला आणि पाण्यातून एक पाऊल पुढे आला.

माणसाने एकाचा काळानिळा डोळा पाहिला, दुसऱ्याचा फुटका ओठ पाहिला, आणि वहीत दहा लिहिले. लिहिता लिहिता त्याने विचारलं, "तुमचं दोघांचं भांडण कशावरून झालं?"

"भांडण?" पान सुली म्हणाला. "काल न्येपी होती. आम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाही."